सिगारेट सोडवणारी गोळी: व्हॅरेनिक्लिन कशी घ्यायची आणि कुठे फसते

व्हॅरेनिक्लिनबद्दल मेडिकलच्या काउंटरवर दोन टोकाची मतं ऐकू येतात. एक म्हणतो, "गोळी सुरू केली की सिगारेट आपोआप सुटते." दुसरा म्हणतो, "डोक्यावर परिणाम करणारी गोळी आहे ती, नको रे बाबा." दोघंही चुकतात. गोळी काम करते, आणि चिठ्ठीवर मिळणाऱ्या पर्यायांत तिचंच पारडं जड आहे. पण ती १२ आठवड्यांची गोळी आहे, आणि घेणारे ती खोकल्याच्या औषधासारखी घेतात: एक स्ट्रिप आणली, जरा बरं वाटलं, बंद केली. गोळीबद्दलच्या तक्रारींचं मूळ बरेचदा इथेच सापडतं.

आधी ती करते काय, ते पाहू. निकोटिन मेंदूतल्या ठरावीक रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या ठरलेल्या जागेवर, जाऊन बसतं, डोपामिन हे सुखाची जाणीव देणारं रसायन सुटतं आणि झुरक्याचं सुख मिळतं. व्हॅरेनिक्लिन त्याच जागेवर आधीच जाऊन बसते. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तसंच. नंतर निकोटिन डब्यात चढलं तरी त्याला उभंच राहावं लागतं, म्हणून गोळी चालू असताना ओढलेली सिगारेट मचूळ लागते, मजा देत नाही. शिवाय ही गोळी नुसती जागा अडवत नाही. ती रिसेप्टरला अर्धवट चालवतेही, थोडं डोपामिन सोडते, आणि त्यामुळे तलफ आणि चिडचिड बरीच खाली येते. एकाच गोळीने ही दोन्ही कामं होतात, हीच तिची खासियत.

हा रेणू सुचला सायटिसिनवरून. सायटिसिन युरोपातल्या लॅबर्नम झाडाच्या बियांत असतं आणि बल्गेरियात १९६४ पासून सिगारेट सोडवायला विकलं जातंय. जाता जाता सांगायला हवं, की हे लॅबर्नम म्हणजे आपला बहावा नव्हे. बहाव्याला इंग्रजीत इंडियन लॅबर्नम म्हणतात, एवढ्यावरच नातं संपतं. बहाव्याच्या शेंगेतला गर खाऊन सिगारेट सुटणार नाही, जुलाब मात्र सुरू होतील.

औषधांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने व्हॅरेनिक्लिनला २००६ मध्ये मान्यता दिली. फायझरने ती तिकडे चँटिक्स आणि इतर देशांत चॅम्पिक्स नावाने आणली. आता जेनेरिक गोळ्या आहेत. ०.५ मिग्रॅ आणि १ मिग्रॅ अशा दोन ताकदीत येतात, आणि पहिला घोटाळा इथेच होतो. मूळ गोळीत अर्ध्याची पांढरी आणि एकची निळसर असा रंगाचा फरक होता. जेनेरिकमध्ये रंग कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे रंगावर जाऊ नका, स्ट्रिपवरचा आकडा वाचा.

डोस असा. पहिले तीन दिवस ०.५ मिग्रॅ, दिवसातून एकदा. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत ०.५ मिग्रॅ, सकाळ-संध्याकाळ. आठव्या दिवसापासून १ मिग्रॅ, सकाळ-संध्याकाळ, थेट बाराव्या आठवड्याच्या शेवटापर्यंत. हिशेब केला तर पहिल्या आठवड्याला अर्ध्याच्या ११ गोळ्या, पुढे दर आठवड्याला एकच्या १४. अख्ख्या कोर्सला एकच्या १५४. हा आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणि स्वतःच्या डोक्यात पहिल्या दिवशीच असू द्यावा, कारण गल्लीतल्या मेडिकलमध्ये ही गोळी तयार असेलच असं नाही. शुक्रवारी संध्याकाळी शेवटची गोळी घेऊन दुकानात जावं आणि "सोमवारी येईल" असं ऐकावं, हा ठरलेला प्रसंग. तो टाळायचा तर स्ट्रिपमध्ये चार दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची मागवायची.

डोस हळूहळू वाढवायचं कारण मळमळ. १ मिग्रॅ दोनदा घेणाऱ्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांना ती होते. बहुतेकांची सौम्य असते आणि दिवसागणिक ओसरते. पण ती वाढवायची हमखास युक्ती आपल्या सकाळीच दडलेली आहे: उठायचं, अर्धा कप चहा, दोन मारी बिस्किटं, गोळी, आणि आठ-बाराची लोकल. डोंबिवली येईपर्यंत पोटात ढवळायला लागतं, आणि दोष गोळीला. चहा-बिस्किट म्हणजे पोटभर खाणं नव्हे. पोहे, उपमा, दोन पोळ्या, शिळी भाकरी, काहीही चालेल, पण नाश्ता झाला पाहिजे आणि त्यानंतर गोळी, तीही पेलाभर पाण्यासोबत. घोटभर पाण्याने ढकलायची नाही. अन्नामुळे या गोळीचं शोषण वाढत नाही की घटत नाही. खायचं ते फक्त पोट शांत राहावं म्हणून. उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी चालते. निर्जळी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्या. रमझानच्या महिन्यात दोन डोस सहेरी आणि इफ्तारच्या जेवणाला जोडता येतात, पण तेही आधी विचारूनच.

मळमळ तरीही हटली नाही तर कोर्स सोडू नये, डोस कमी करून मागावा. ०.५ मिग्रॅ दोनदा, हाही डोस काम करतो. ही गोष्ट पेशंटला सांगायची राहून जाते. पेशंट ओकाऱ्यांना कंटाळून गोळी बंद करतो आणि डॉक्टरांकडे परत फिरकतच नाही.

दुसरी मोठी तक्रार स्वप्नांची. भयानकच असतील असं नाही, पण लांबलचक, रंगीत, इतकी खरी की सकाळी उठल्यावर क्षणभर गोंधळायला होतं. झोप तुटते ती वेगळी. आपल्याकडे रात्रीचं जेवण दहाला, गोळी सव्वादहाला आणि अंथरूण साडेदहाला, असा क्रम असेल तर हे होणारच. दुसरी गोळी संध्याकाळी सहा-साडेसहाला, पोटात भरीव काही गेल्यावर घ्या, सकाळच्या डोसपासून आठेक तासांचं अंतर राखून. बऱ्याच जणांची झोप तेवढ्याने जाग्यावर येते. या दोन तक्रारींखालोखाल गॅस, बद्धकोष्ठता आणि डोकेदुखी.

आता तारखेबद्दल. गोळी सुरू केल्याच्या दिवशी सिगारेट सोडायची नसते. पहिला आठवडा ओढत राहायचं आणि आठव्या ते चौदाव्या दिवसांतला एक दिवस आधीच ठरवून त्या दिवशी पूर्ण थांबायचं. औषध रक्तात ठरलेल्या पातळीवर स्थिरावायला चारेक दिवस लागतात, आणि पहिल्या आठवड्यात सिगारेटची चव उतरते ती अनुभवायची असते. तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. घरात लग्न, गावची जत्रा, ऑफिसात मार्चअखेर, यांच्या तोंडावर तारीख ठेवू नये. ज्यांना एकदम थांबणं जमणारच नाही त्यांच्यासाठी लांबचा रस्ताही मान्यताप्राप्त आहे: गोळी सुरू करून पहिल्या चार आठवड्यांत सिगारेटी निम्म्यावर, पुढच्या चारांत आणखी निम्म्यावर, बाराव्या आठवड्यापर्यंत शून्य. मग शून्यावर राहून आणखी १२ आठवडे गोळी, म्हणजे एकूण २४.

ठरलेल्या तारखेनंतर कुणी एखादी ओढली तर गोळी फुकट गेली का? नाही. गोळी चालूच ठेवायची. काही जण दुसऱ्या आठवड्यात सोडतात, काही पाचव्यात. "आता ओढलीच आहे, तर गोळी कशाला" हा हिशेब उलटा आहे, कारण गोळीची खरी गरज त्याच दिवशी असते. एखादा डोस विसरला तर आठवल्यावर घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर तो सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका.

यश किती? सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कामाची चाचणी ईगल्स, २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेली, १६ देश, आठ हजारांवर लोक. त्यात नवव्या ते बाराव्या आठवड्यात एकही न ओढलेले लोक असे: व्हॅरेनिक्लिनवर ३३.५ टक्के, निकोटिन पॅचवर (कातडीला चिकटवायची पट्टी) २३.४, ब्युप्रोपिऑनवर (चिठ्ठीवरची दुसरी गोळी, तिच्याबद्दल पुढे) २२.६, औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीवर १२.५. नवव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत टिकलेले अनुक्रमे २१.८, १५.७, १६.२ आणि ९.४. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचायला हवेत. खोट्या गोळीच्या दुपटीहून जास्त, म्हणजे औषधात दम आहे. पण सहा महिन्यांनी शंभरातले ७८ जण त्यात नाहीत, म्हणजे "आपोआप सुटते" ही जाहिरात खोटी. शिवाय चाचणीत प्रत्येक भेटीला थोडा वेळ समुपदेशन होत होतं. ते वगळून नुसती गोळी घेणाऱ्याने एवढ्याच निकालाची अपेक्षा धरू नये.

डोक्यावर परिणाम होतो ही भीती कुठून आली, तेही याच चाचणीशी जोडलेलं आहे. नैराश्य आणि आत्महत्येच्या विचारांच्या तक्रारी आल्यावर २००९ मध्ये एफडीएने गोळीच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. त्याची शहानिशा करायला ईगल्स झाली, आणि मुद्दाम निम्मे लोक मानसिक आजार असलेले किंवा पूर्वी होऊन गेलेले घेतले. गंभीर मानसिक त्रास व्हॅरेनिक्लिनमुळे लक्षणीय वाढतो असं दिसलं नाही, आणि डिसेंबर २०१६ मध्ये ती चौकट काढली गेली. इंटरनेटवरच्या जुन्या पानांवर ती अजून सापडते, नातेवाईक ती फॉरवर्ड करतात. तरी घरच्यांनी लक्ष ठेवावं. माणूस अचानक गप्प झाला, भलताच चिडखोर झाला, जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. सिगारेट सुटल्यामुळेही माणूस उदास होतो, त्यामुळे यातलं काय गोळीचं आणि काय सोडण्याचं, हे घरी बसून ठरवू नये.

दारूबद्दल मात्र इशारा आजही आहे. काहींना गोळीवर असताना नेहमीच्याच दोन पेगनी भलतीच चढते, वागणं आठवत नाही. गोळी आपल्याला कशी लागू पडते हे कळेपर्यंत दारू कमी ठेवा. तसंही पहिल्या महिन्यात बारमध्ये बसून न ओढणं म्हणजे मिसळीसमोर बसून पाव न खाणं. फिट येऊन गेली असेल तर आधी सांगा. हृदयाचा आजार असेल तर तोही सांगा, आणि गोळी चालू असताना छातीत दुखलं तर वाट पाहू नका. गर्भवतींनी आणि १८ वर्षांखालच्यांनी ही घेऊ नये. किडनीचा मुद्दा आपल्याकडे जास्त महत्त्वाचा, कारण मधुमेही आणि ओढणारा असा जोड सर्रास दिसतो. ही गोळी जवळजवळ सगळी लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते. किडनी बरीच मंदावलेली असेल तर ती अंगात साठते, म्हणून डोस ०.५ मिग्रॅ एकदा, फार तर दोनदा. क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी किती चालते हे दाखवणारा, ताजा रिपोर्ट घेऊनच डॉक्टरकडे जा. आणि पहिल्या काही दिवसांत चक्कर किंवा पेंग येते का ते बघूनच बाइक काढा.

ब्युप्रोपिऑन हा चिठ्ठीवरचा दुसरा पर्याय. मुळात नैराश्यावरचं औषध, अमेरिकेत १९९७ पासून सिगारेटसाठीही मान्य. १५० मिग्रॅची हळूहळू सुटणारी गोळी, तीन दिवस रोज एक, मग रोज दोन, मध्ये किमान आठ तास, ७ ते १२ आठवडे. ही कुटून किंवा तोडून घ्यायची नाही, नाहीतर अख्खं औषध एकदम सुटतं आणि फिट येण्याचा धोका वाढतो. नेहमीच्या डोसला तो हजारात एकाच्या आसपास. त्यामुळे फिट येणारे, खाण्याचे मानसिक विकार असलेले, आणि रोजची दारू किंवा झोपेच्या गोळ्या एका झटक्यात बंद करत असलेले लोक यांना ही चालत नाही. तोंड कोरडं पडतं, झोप उडते, म्हणून दुसरी गोळी दिवस मावळायच्या आत. हिच्या बाजूने एक गोष्ट आहे. ओढणं सुटल्यावर वजन वाढतं, ते वाढणं ही निदान कोर्स चालू असेपर्यंत लांबवते. उदासी आणि सिगारेट दोन्ही असलेल्या माणसासाठी ही निवड योग्य ठरू शकते. बाकीच्यांसाठी आमच्या मते पहिला नंबर व्हॅरेनिक्लिनचाच.

निकोटिनच्या च्युइंगगमची गोष्ट वेगळी. २ मिग्रॅची चिठ्ठीशिवाय मिळते, ४ मिग्रॅला चिठ्ठी लागते. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट किंवा बिडी लागत असेल तर २ पुरत नाही, ४ हवी. "गमने काही झालं नाही" म्हणणाऱ्यांनी हे आधी तपासावं. दुसरं, ती च्युइंगगम नव्हेच. सावकाश चावायची, तिखट झिणझिण्या लागल्या की गालात दाबून ठेवायची, झिणझिण्या ओसरल्या की परत चावायची, असं अर्धा तास. तंबाखूचा बार धरणाऱ्याला हे लगेच जमतं, सिगारेटवाल्याला शिकावं लागतं. भराभर चघळली तर निकोटिन पोटात जातं, उचकी आणि जळजळ मिळते, तलफ तिथेच. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबूसरबत बंद, कारण आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. पॅचला हे नखरे नाहीत, सकाळी एक चिकटवला की दिवस निघतो. पण मे महिन्यात मुंबईच्या घामाने तो सुटून येतो. दंडाचा किंवा छातीचा केस नसलेला भाग पुसून कोरडा करायचा, दहा सेकंद तळव्याने दाबायचा, रोज जागा बदलायची. ई-सिगारेट या यादीत येतच नाही. भारतात २०१९ च्या कायद्याने तिची विक्री बंद आहे.

बिडी ओढणाऱ्यांना डॉक्टर "दिवसाला किती?" विचारतात, उत्तर येतं "एक बंडल." बंडलात वीस-पंचवीस बिड्या असतात हे लक्षात घेऊनच अवलंबित्व मोजायचं. मशेरी, मावा, चुनातंबाखू यांच्यासाठी मात्र व्हॅरेनिक्लिनची मूळ मान्यता नाही. अभ्यास झालेत, थोडे आहेत, निर्णय डॉक्टरांचा. आणि ओढणं सोडून मळणं सुरू करणाऱ्यांनी गोळीवर पैसे घालवू नयेत.

एक गोष्ट कुठल्याच खोक्यावर छापलेली नसते. सिगारेटच्या धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जोरात चालतं. निकोटिनमुळे नव्हे, धुरातल्या डांबरामुळे. धूर थांबला की ते मंदावतं, आणि त्या एन्झाइमने निपटल्या जाणाऱ्या गोष्टी रक्तात जास्त वेळ राहतात. कॅफिन त्यातलंच. रोजचे पाच कप चहा तेवढेच ठेवले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात थरथरतात, छाती धडधडते, झोप येत नाही, आणि माणूस म्हणतो गोळी सोसली नाही. चहा निम्म्यावर आणून बघा. दम्याचं थिओफायलिन, मानसिक आजारावरचं क्लोझापिन किंवा ओलान्झापिन घेणाऱ्यांनी हे हसण्यावारी नेऊ नये. सोडायची तारीख त्या औषधांच्या डॉक्टरांना आधी कळवायची, डोस कमी करावा लागू शकतो. इन्शुलिन घेणाऱ्यांनी साखर जास्त वेळा तपासायची.

खर्चाचं म्हणाल तर दिवसाच्या दोन गोळ्यांची किंमत रोजच्या पाकिटाशेजारी मांडून बघा, महिन्याच्या बिलाकडे पाहून दचकू नका. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे. टपरीवर ती किती पाळली जाते हे सगळ्यांना माहीत आहे, आणि सुट्या-सुट्या घेणाऱ्याला आपला खरा खर्च ठाऊक नसतो. सरकारी पर्यायही बघावेत. जिल्हा रुग्णालयांतली आणि दंत महाविद्यालयांतली तंबाखूमुक्ती केंद्रं समुपदेशन देतात. प्रत्येक पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे आणि तो उचलणारी माणसं याच कामाची आहेत. गोळीसोबत ही जोड दिली तर चाचणीतल्या आकड्यांच्या जवळ जायची आशा धरता येते.

बारावा आठवडा संपला आणि सिगारेट सुटलेली असेल तर डॉक्टर आणखी १२ आठवडे लिहून देऊ शकतात. परत घसरण्याची भीती ज्यांना आहे त्यांनी स्वतःहून मागावं. थांबवताना काहींना दोन-चार दिवस चिडचिड आणि थोडी तलफ जाणवते. तसं झालं तर आठवडाभर एकदाच घेऊन मग बंद, हेही विचारून करता येतं. आणि उरलेल्या गोळ्या मित्राला देऊ नका. त्याच्या किडनीचा रिपोर्ट तुम्ही पाहिलेला नाही, शिवाय तुमच्याकडे उरलेल्या गोळ्या एकच्या असतात, त्याला सुरुवात अर्ध्यापासून करायची आहे.